भावोजींचा ताड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रघुराम राव यांना छायाचित्रकार म्हटलेलं आवडतं. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी विभागात होते. नट-बोल्ट आणि वेल्डिंगच्या कांड्या विकत घेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्या कामात ते वाईटही नव्हते. पण त्याचा विषय काढला की त्यांचा चेहरा आंबट होतो. त्यांच्या कार्डावर नावाखाली 'निसर्गदृश्यांचे छायाचित्रकार' असं इंग्रजीत छापलेलं आहे आणि त्याखाली एका डोंगराची रेघ काढलेली आहे. चेन्नईच्या उत्तरेला ते ज्या भागात हिंडतात तिथली जमीन ताटासारखी सपाट आहे. तो डोंगर छापखानेवाल्यानं आपल्या मनानं टाकला आणि भावोजींनी राहू दिला.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग कुठल्या बखरीतून आलात म्हणून विचारतो. मी पुण्यात एका छापखान्यात नोकरी केली, म्हणून मला ही तुमची मराठी लिहिता येते. आमच्याकडे कॅलेंडरं छापायचे. धबधबे, बर्फाची शिखरं, सूर्यास्त, होड्या असं सगळं माझ्या टेबलावरून जायचं आणि रंग बरोबर उतरले की नाही हे मी भिंगातून बघायचो. स्वतः मी कधी कॅमेरा हातात धरला नाही. पण खोटं आभाळ मी लांबून ओळखतो. निवृत्त झाल्यावर परत आलो, चेन्नईच्या पश्चिमेला आवडी नावाच्या उपनगरात लहानसं घर घेतलं, आणि तेव्हापासून भावोजींची आभाळं मला नियमानं बघावी लागली.

कॅमेऱ्याच्या आधी ते बोन्सायच्या मागे होते. त्याच्या आधी जुनी नाणी आणि त्याच्याही आधी होमिओपॅथी. दरवेळी पद्धत एकच. आधी सगळं सामान घ्यायचं, सगळ्यांत उंची प्रतीचं, आणि मग शिकायला वेळ नाही म्हणून कुरकुरायचं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा रोहित पक्ष्यांचा फोटो तमिळ साप्ताहिकात छापून आला आणि त्या महिन्यात भावोजींच्या घरी कॅमेरा आला. मग भिंगं आली, कार्बनची तिपाई आली, काचेच्या चौकोनी गाळण्या, म्हणजे फिल्टर, आले, आणि खिशाखिशांचं एक जाकीट आलं. चेन्नईच्या उकाड्यात ते जाकीट घालून ते घामानं निथळत उभे राहायचे, पण काढायचे नाहीत.

दर रविवारी उजाडायच्या आधी ते गाडी काढायचे. कनकाक्का, म्हणजे माझी बहीण, सोबत जायची. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी नको म्हटलं नव्हतं. ती इडल्यांना मिळगाय पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी, आणि तेल लावून डबा भरायची, घडीची खुर्ची घ्यायची आणि तिपाई उचलायची, कारण भावोजींची कंबर धरलेली असे. पुलिकतचं सरोवर, मिठागरं, एन्नोरची खाडी, वाटेतले तलाव अशा त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. तिथे पोचल्यावर ते पहिलं काम करायचे ते माणसं हाकलण्याचं. कपडे धुणाऱ्या बायकांना हातवारे करून बाजूला व्हायला सांगायचे. म्हशी हलवायला लावायचे. एकदा जाळं सुकवत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला त्यांनी त्याचंच जाळं उचलून दुसरीकडे न्यायला सांगितलं, आणि तो उठला नाही तेव्हा दिवसभर त्याला शिव्या घातल्या. माणूस आला की दृश्य संपतं, हे त्यांचं आवडतं वाक्य.

हाकलूनही जे उरायचं ते घरी येऊन संगणकावर पुसायचं. त्या भागात कुठेही उभं राहा, चारी दिशांना काही ना काही असतंच. वीजकेंद्राच्या चिमण्या असतात, बंदराच्या क्रेन असतात, विजेचे मनोरे तारा ओढत गेलेले असतात, काठाला प्लास्टिक साचलेलं असतं. तिथली जमीन तशीच आहे. ती कधी कधी भीतिदायक दिसते आणि कधी कधी, विशेषतः सकाळच्या धुरकट उजेडात, अशी दिसते की पाय निघत नाही. भावोजींना त्यातलं काहीच दिसत नसे. ते बसून एकेक चिमणी पुसायचे, मनोरे काढून टाकायचे, आणि उरलेल्या रिकाम्या जागेवर एक केशरी आभाळ चढवायचे. त्या आभाळांचा त्यांच्याकडे साठा होता. मिठागरावर जे आभाळ, तेच पुढच्या आठवड्यात तलावावर. मी एकदा बोलून दाखवलं की हा ढग मी मागच्या महिन्यात बघितलाय. ते म्हणाले, ढगांकडे एवढं बघत बसणारा माणूस चित्र बघतच नाही.

खरं तर या कलेत हातानं करायचं फार थोडं असतं. तिपाई घट्ट रोवायची, क्षितिज सरळ ठेवायचं, भिंगाचं छिद्र लहान करायचं, म्हणजे पायाजवळच्या गवतापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं स्वच्छ येतं. एवढं कोणालाही जमतं. बाकी सगळं थांबणं आहे. उजेड यायची वाट बघायची, वारा पडायची वाट बघायची, आणि तो आला नाही तर काही न काढता परत जायचं. माझ्या टेबलावरून गेलेल्या हजारो चित्रांमध्ये कोण थांबलं होतं आणि कोण नुसतं पोचलं होतं, हे चटकन कळायचं. भावोजी पोचणाऱ्यांतले. अर्ध्या तासात त्यांना भूक लागायची.

आता त्या ताडाचं सांगतो.

मार्गळी महिना होता, म्हणजे डिसेंबरची अखेर. ईशान्येचा पाऊस नुकताच सरला होता आणि तलाव काठोकाठ भरले होते. दोघं सूर्योदयासाठी पुलिकतला निघाले होते. वाटेत अक्काला मळमळायला लागलं. गाडी थांबवावी लागली, तिला उलटी झाली, आणि त्यात उजाडून गेलं. उजाडलं म्हणजे काय, तर आभाळ राखेसारखं होतं, सूर्य कुठे उगवला तेही कळलं नाही. भावोजी चिडून गाडीतच बसून राहिले. अक्का चूळ भरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोर एका गावाची एरी होती, म्हणजे तलाव. पाण्याच्या मध्ये मातीचा एक उंचवटा आणि त्यावर एकच ताड. वारा अजिबात नव्हता. अक्का म्हणाली, किती निवांत हाय बघा. भावोजी म्हणाले, उजेड नाहीं. पण नवं भिंग आणलं होतं आणि ते तपासायचं होतं, म्हणून ते खाली उतरले, बूटही न काढता रस्त्याच्या कडेलाच तिपाई लावली आणि एक फोटो काढला. डाव्या काठावर पंपघर होतं. ते येऊ नये म्हणून त्यांनी कॅमेरा जरा उजवीकडे वळवला, म्हणून ताड डावीकडे सरकला.

घरी येऊन ते चित्र पुसून टाकणार होते. अक्कानं ठेवा म्हटलं म्हणून ठेवलं. मग त्यावर केशरी आभाळ चढवून बघितलं, पण पाण्यातलं प्रतिबिंब राखीच राहिलं. ते रंगवणं फार किचकट होतं, कंटाळा आला, म्हणून सोडून दिलं. अशा रीतीनं ते चित्र वाचलं.

मी ते त्यांच्या संगणकावर बघितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं निसर्गचित्र मोजक्या वेळा बघितलं असेल. वर आणि खाली एकच राखी रंग, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. त्यात तो ताड, आणि त्याच्या पायाशी तोच ताड उलटा. वरच्या झावळ्यांतली एक वाळून मोडली होती आणि लोंबत होती. नजर खोडावरून वर जायची, त्या मोडक्या झावळीशी अडकायची आणि मग उजवीकडच्या मोकळ्या पाण्यावर जाऊन थांबायची. तिथे काहीच नव्हतं, आणि तिथून डोळे काढावेसे वाटत नव्हते. मला त्याचा राग आला. चांगलं चित्र काढायला माणसात निदान काहीतरी चांगलं असावं लागतं, असं मी छापखान्यातली सगळी वर्षं धरून चाललो होतो. भावोजींनी ते एका सकाळी, रुसलेले असताना, बूटही न भिजवता खोटं ठरवलं.

त्या चित्राला राज्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. भावोजींना चेन्नईतल्या टी. नगरच्या छायाचित्रण मंडळात एकदम वरची खुर्ची मिळाली. ते परीक्षक झाले. नव्या लोकांची चित्रं समोर आली की ते चष्मा कपाळावर सरकवून 'यात मौन नाही' असं म्हणायचे. 'रिकामी जागा', 'श्वास' हे शब्द त्यांनी बक्षिसानंतर परीक्षकांच्या अभिप्रायातून उचलले होते. चित्राची कथाही हळूहळू तयार झाली. आधी ते म्हणायचे, बराच वेळ थांबलो. मग कित्येक तास झाले. शेवटी शेवटी ते छातीभर पाण्यात उभे होते आणि लागोपाठ कित्येक हिवाळे त्या झाडाकडे जात होते. अक्का दुसऱ्या रांगेत बसून हे ऐकायची. तिच्या उलटीचा उल्लेख कुठेच नव्हता.

जागा मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नाही. मंडळाचे सचिव नारायणस्वामी, सज्जन गृहस्थ, त्यांनी सहलीसाठी विचारलं तर भावोजी म्हणाले की अशा जागा ज्याच्या त्यानं शोधाव्यात.

श्रीनिधीनं शोधली. ही मंडळातली एक तरुण मुलगी, संगणकाच्या कंपनीत कामाला, स्कूटरवरून हिंडणारी. उपग्रहाच्या नकाशावर तिनं तलावातले उंचवटे बघत बघत तो ताड हुडकून काढला, आणि उन्हाळ्यात तिथे गेली. तिच्या चित्रात पाणी नव्हतं. एरीचा तळ भेगाळलेला होता, आणि ताडाच्या बारक्याशा सावलीत गावातल्या बायका ताडगोळे सोलत बसल्या होत्या. सावली सरकेल तशा त्याही सरकत असाव्यात, कारण सगळ्या एका रेषेत बसल्या होत्या, खोडाच्या सावलीइतक्याच रुंद. लांब मागे कारखान्यांचा धूर होता. तिनं तो ठेवला होता. मंडळाच्या बैठकीत ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा कोणी तरी विचारलं की हाच का तो ताड, आणि श्रीनिधीनं सरळपणे हो म्हटलं आणि गावाचं नावही सांगितलं.

भावोजींनी त्याला चोरी म्हटलं. बैठकीतच म्हटलं. नारायणस्वामींनी समजावलं की झाड कोणाच्या नावावर नसतं. श्रीनिधी गोंधळली, तिनं माफीही मागितली, कशाबद्दल ते तिलाही कळलं नसावं. पण गावाचं नाव फुटलं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर एरी भरली तेव्हा रविवारी तिथे तिपायांची रांग लागू लागली. लग्न ठरलेली जोडपी येऊन ताडाकडे पाठ करून उभी राहू लागली. प्रत्येकाच्या फोनवर तो ताड आला. त्यांतली बरीचशी चित्रं टाकाऊ होती, दोन-तीन चांगली होती, आणि एक तर भावोजींच्या चित्राच्या तोडीचं होतं.

त्या दिवसांत ते जेवेनासे झाले. अक्कानं मला बोलावून घेतलं. ते दिवाणखान्यात फोनवर एकापाठोपाठ एक ताड बघत बसले होते. मी म्हणालो, "भावोजी, झाड सरकारी जमिनीवर आहे, एरी गावाची आहे. तुमचं काय आहे तर चित्र, आणि ते तुमच्याकडेच आहे."

ते फोनवरून मान वर न करता म्हणाले, "चित्र एकच असावं, गुंडो. दुसरं काढतां येतं तोंवर पहिल्याला अर्थ नाहीं."

मला ते नुसतं रडगाणं वाटलं. मी सांबार खाऊन घरी गेलो.

पुढचं मला अक्कानं सांगितलं, तेही लगेच नाही. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या शेवटी, ते झालं आणि तिनं मला आवडीला येऊन सांगितलं तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. आमचा मोठा पाऊस ऑक्टोबरात येतो, म्हणून आडीत एरी कोरडी असते, उंचवट्यापर्यंत चालत जाता येतं. तमिळनाडूत ताड हा राज्याचा वृक्ष आहे, तो तोडायचा तर कलेक्टरची परवानगी लागते. हे भावोजींना माहीत होतं. पण खरेदी विभागातली ओळखपाळख अजून होती, वीटभट्ट्यांना ताडाचं लाकूड लागतं हेही माहीत होतं. एळुमलै नावाचा एक झाडतोड्या त्यांनी गाठला. परवानगी काढली आहे, असं त्याला सांगितलं. त्यानं कागद मागितला नाही, कारण समोर जाकीट घातलेला, गाडीतून आलेला, इंग्रजी बोलणारा माणूस होता.

अक्काला त्यांनी नेहमीप्रमाणे सोबत नेलं. कुठे, कशाला, काही सांगितलं नाही. तिनं नेहमीप्रमाणे डबा भरला होता.

"मी गाडींत होतें," ती म्हणाली. "डबा मांडीवर घेऊन. तो मनुष्य करवत चालूं केला तेव्हां मला वाटलें, दुसरें कुठलें तरी झाड असेल. हे त्याला बोट दाखवत होते. झाड पडायला वेळ लागला नाहीं, गुंडो. पडल्यावर धूळ उडाली तेवढीच."

मी विचारलं, भावोजींनी काय केलं.

"रस्त्यावर आले. तें चित्र काढले होते त्याच जागीं उभे राहिले. बघितले. मग गाडींत येऊन बसले, म्हणाले, 'इडली दे.'"

तिनं दिली. त्यांनी पोडी लावून सगळ्या खाल्ल्या. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. फक्त एवढंच म्हणाली की त्या दिवसापासून मिळगाय पोडी ती घरात करत नाही, आणि त्यांनी अजून विचारलेलं नाही का म्हणून.

ताड गेल्याची बातमी मंडळात पोचली तेव्हा हळहळ झाली. कोणी भट्टीवाल्यांना नावं ठेवली, कोणी विकासाला. भावोजी गप्प होते, आणि लोकांनी ते दुःख मानलं. नारायणस्वामींनी 'हरवलेली दृश्यं' या नावानं एक कार्यक्रम ठरवला. टी. नगरच्या एका शाळेचं सभागृह घेतलं. बाहेर साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या माणसांचा लोंढा वाहत होता आणि आत मंचावर भावोजींचा ताड, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा करून लावला होता. इतका मोठा झाल्यावरही तो कुठे धूसर झाला नव्हता. चित्र अजून तितकंच चांगलं होतं. मी आणि अक्का दुसऱ्या रांगेत बसलो.

भावोजी बोलले, आणि चांगलं बोलले. निसर्ग आपली वाट बघत नाही, म्हणाले. छायाचित्रकार हा साक्षीदार असतो, म्हणाले. आवाज मध्ये मध्ये भरून येत होता आणि मला वाटतं तो खरोखरच भरून येत होता. तेवढं नाटक त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. स्वतः तोडवलेल्या झाडासाठी त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि तितक्याच मनापासून त्यांना ते वाईट वाटणं आवडत होतं.

प्रश्नांच्या वेळी श्रीनिधी उठली. तिनं विचारलं की झाड नक्की कोणी तोडलं हे कळलंय का. भावोजींनी मान खाली घातली आणि म्हणाले की नाव शोधण्यात काय अर्थ आहे, ते आपण सगळ्यांनीच तोडलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर अक्का उभी राहिली. आमच्या घरच्या मराठीत नाही, तमिळमध्ये बोलली, सगळ्यांना समजावं म्हणून. "सगळ्यांनी नाही. यांनी तोडवलं. मी गाडीत बसले होते."

ती आयुष्यात कधी सभेत बोललेली नव्हती. नारायणस्वामींनी भावोजींकडे बघितलं. भावोजींचा चेहरा क्षणभर रिकामा झाला, आणि मग त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "माझ्या पत्नीचा त्या झाडावर फार जीव होता. ती अजून सावरलेली नाही."

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जास्त वेळ. एका बाईनं मागून वाकून अक्काच्या खांद्यावर हात ठेवला. अक्का खाली बसली. ती रडली नाही.

टाळ्या न वाजवणारी मला एकच व्यक्ती दिसली. कार्यक्रम संपल्यावर श्रीनिधी आली, अक्काच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात विचारू लागली. कुठला दिवस, कोणाची करवत, खोड घेऊन ट्रॅक्टर कुठे गेला. अक्कानं सगळं सांगितलं. भावोजी तेव्हा ताडासमोर उभे राहून लोकांबरोबर फोटो काढून घेत होते.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. श्रीनिधी अक्काला स्कूटरवर मागे बसवून गावात घेऊन गेली. एळुमलैनं काहीच लपवलं नाही. परवानगी नव्हती हे कळल्यावर तो डोक्याला हात लावून बसला, असं अक्का म्हणाली. तिघांनी मिळून तालुका कचेरीत तक्रार दिली. चौकशी झाली, भावोजींना दंड झाला, तो त्यांनी त्याच दिवशी भरला, आणि पुढच्या पावसाच्या आधी एरीच्या बांधावर ताडाच्या बिया लावून द्याव्यात असा हुकूम झाला. एळुमलैची करवत जप्त झाली. ती अजून कचेरीत पडून आहे, आणि तो आता दुसऱ्याची करवत भाड्यानं घेऊन काम करतो. भावोजींच्या कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही.

मंडळात बैठक झाली. भावोजींना काढावं असं श्रीनिधीचं म्हणणं होतं. नारायणस्वामी फार वेळ बोलले, माणूस आणि चित्र या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, चित्रानं काही केलेलं नाही, असं काहीसं. चित्राबद्दल त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे याची मला आजही चीड येते. पण चित्राच्या आडून त्यांनी माणसालाही वाचवलं. भावोजींना परीक्षक म्हणून वर्षभर विश्रांती देण्यात आली. हाच शब्द वापरला. श्रीनिधीनं मंडळ सोडलं.

अक्का त्याच घरात राहते. स्वयंपाक दोघांचा करते, पण रविवारचा डबा भरत नाही आणि तिपाई उचलत नाही. रविवारी ती लोकल पकडून माझ्याकडे आवडीला येते आणि संध्याकाळी परत जाते. भावोजींनी तिला सभेबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी तिला माफ केलं आहे, असं त्यांनी मला सांगितलं.

बिया लावायच्या दिवशी मी गेलो तो अक्कानं पाठवलं म्हणून. गावातल्या लोकांशी ते नीट वागतात की नाही ते बघ, म्हणाली. मला वाटलं होतं, ते मान खाली घालून एकटेच येतील. मंडळाच्या दोन गाड्या भरून लोक आले होते, तिपाया घेऊन. भावोजी पांढरी वेष्टी नेसून आले होते. बांधावर खड्डे एळुमलै आणि त्याचा भाऊ आधीच खणत होते. बियांचं पोतं शेजारी होतं. भावोजींनी त्यातली एक बी उचलली, खड्ड्याशी गुडघा टेकला, ती खाली ठेवली, वरून माती लोटली आणि कॅमेऱ्यांकडे बघितलं.

फोटो नीट आला नाही. ऊन ढगाआड गेलं होतं. भावोजींनी माती उकरली, बी बाहेर काढली, पुसली, आणि ऊन आल्यावर पुन्हा ठेवली. मग म्हणाले, या बाजूनं चेहऱ्यावर सावली येते. पलीकडच्या खड्ड्याकडे गेले, तीच बी घेऊन. कोणी तरी सुचवलं की हात मातीचे दिसले पाहिजेत, तेव्हा त्यांनी हात मातीत घोळले. पुलिकतच्या सूर्योदयासाठी ज्यांना अर्धा तास धीर धरवत नव्हता, ते भावोजी त्या दिवशी ढगाकडे डोळे लावून न कंटाळता उभे राहिले. एळुमलै त्यांच्या मागून खड्ड्याखड्ड्यांतून बिया टाकत पुढे जात होता. त्याला दोनदा फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं.

मग भावोजींनी माझ्याकडे बघितलं, गाडीतून चंदेरी कापडाची ती गोल तबकडी मागवली, उजेड परतवायची, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "गुंडो, हें असें धर. माझ्या हनुवटीखालीं उजेड पडूं दे."

मी ती काही क्षण धरली. उजेड त्यांच्या हनुवटीखाली पडला आणि चेहरा खरोखरच उजळला. मग मी ती बांधावर उपडी ठेवली आणि रस्त्याकडे चालू लागलो. मागून त्यांनी हाक मारली. मी थांबलो नाही. गुम्मिडिपूंडी स्टेशनपर्यंत बस मिळाली, तिथून लोकल.

घरी पोचलो तेव्हा अक्का माझ्या स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. तिनं विचारलं, "हे किती बिया लावले?"

"एक," मी म्हणालो. "बाकीच्या एळुमलैनं."

"मग उगवतील," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी कॉफी गरम करायला उठली.